हेरॉन बेटावर डिसेंबरात जाताय? दिवस भरती-ओहोटीवर आखा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ब्रिस्बेनमधलं मराठी कुटुंब, पुण्याहून आलेले आई-बाबा (वय 68 आणि 72), 7 आणि 12 वर्षांची दोन मुलं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ग्रेट बॅरिअर रीफवरच्या हेरॉन आयलंडच्या रिसॉर्टमध्ये तीन रात्रींचं बुकिंग झालंय. कासवं नक्की दिसतील का? व्हेल आणि मँटा रे (मोठाले पाकट मासे) दिसतील का? आई-बाबांना पोहता येत नाही, ते तिथे काय करणार? शार्कची भीती कितपत बाळगायची? आणि ॲक्टिव्हिटींच्या भल्यामोठ्या यादीतलं नेमकं काय घ्यायचं?

मी या भागातल्या बेटांवर रीफ गाईड म्हणून काम करते, त्यामुळे हे प्रश्न रोजचेच आहेत. सगळ्यांचं उत्तर एकाच गोष्टीपाशी येतं. या बेटावर तुमचा दिवस समुद्राचं पाणी ठरवतं, रिसॉर्टचं वेळापत्रक नाही. पोहोचल्यावर खोलीत सामान टाकायच्या आधी रिसेप्शनवरचा भरती-ओहोटीचा तक्ता गाठा आणि तीन दिवसांच्या वेळांचा फोटो काढून ठेवा. बाकी सगळं त्या फोटोवरून ठरेल.

हेरॉन हे ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातल्या ग्लॅडस्टन बंदरापासून साधारण 80 किलोमीटरवरचं प्रवाळ बेट आहे. लांबी जेमतेम 800 मीटर, रुंदी 300 मीटरच्या आसपास. रमतगमत चाललं तरी पाऊण तासात प्रदक्षिणा होते. पण त्याच्याभोवतीचा रीफचा, म्हणजे प्रवाळ खडकाचा, सपाट पट्टा बेटाच्या कितीतरी पट मोठा आहे, आणि खरी गंमत त्या पट्ट्यावर आहे. ओहोटीला तिथे घोट्याएवढं पाणी उरतं, प्रवाळाची टोकं उघडी पडतात. भरतीला तिथेच दोन-अडीच मीटर पाणी चढतं. म्हणजे सकाळी जिथे चालत गेलात, तिथेच दुपारी पोहता येतं. ज्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं ते ऐन ओहोटीत स्नॉर्कल (तोंडात धरायची श्वासाची नळी) लावून उतरतात, गुडघे खरचटून घेतात, शेकडो वर्षं वाढलेल्या प्रवाळावर पाय देतात आणि "काही दिसलं नाही" म्हणत परत येतात.

साधा हिशेब ध्यानात ठेवा. किनाऱ्यावरून स्नॉर्कलिंग करायचं तर भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास. रीफ वॉकला, म्हणजे रीफवरून पायी फिरायला, दिवसाउजेडीची पूर्ण ओहोटी. कासवांसाठी रात्रीची भरती. कोकणातल्यांना तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची सवय असेल, पण तो आडाखा आपल्या पश्चिम किनाऱ्याचा आहे, इथे चालणार नाही. उधाण-भांगाचं (मोठ्या आणि लहान भरती-ओहोटीचं) गणित मात्र जगभर तेच. तुमचे दिवस अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास असतील तर ओहोटीला पाणी खूप खाली जाईल आणि रीफ वॉक झकास होईल. अष्टमीच्या आसपास असतील तर रीफ नीट उघडं पडणार नाही, पण पोहायला जास्त वेळ मिळेल. त्याप्रमाणे भर कशावर द्यायचा ते ठरवा.

आता कासवं. डिसेंबरचा शेवट म्हणजे हिरव्या कासवांच्या अंडी घालण्याचा ऐन हंगाम. ऑक्टोबरअखेरीस सुरू होतो, मार्चपर्यंत चालतो. मोजकी लॉगरहेड कासवंही येतात. जंगली प्राण्याची खात्री कुणीच देऊ नये, पण तीन रात्रींत एकही मादी दिसली नाही असं या दिवसांत क्वचितच होतं. पिल्लांचं मात्र सांगता येत नाही. अंड्यांतून पिल्लं निघायला साधारण दोन महिने लागतात, त्यामुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीची घरटी डिसेंबरअखेर फुटायला लागतात. मोठ्या संख्येने पिल्लं हवी असतील तर फेब्रुवारी-मार्च बरा. मुलांना आधीच तसं सांगून ठेवा, म्हणजे हिरमुसणार नाहीत.

मादी भरतीच्या सुमारास वर येते, कारण ओहोटीत तिला प्रवाळाचा पट्टा ओलांडून यावं लागतं आणि शंभर-सव्वाशे किलोच्या देहाला ते जड जातं. भरती रात्री नऊला असेल तर आठ वाजताच किनाऱ्यावर जाऊन बसा. भरती दोनला असेल तर सरळ झोपा आणि साडेचारला उठा. डिसेंबरात पाचच्या सुमारास उजाडतं आणि परत निघालेल्या माद्या पहाटेच्या उजेडात स्वच्छ दिसतात. माझं विचाराल तर सत्तरीच्या माणसांसाठी पहाट केव्हाही चांगली. अंधारात ठेचकाळायची भीती नाही, टॉर्चची गरज नाही, आणि माणसंही कमी.

वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखा रुंद पट्टा समुद्रातून वर गेलेला दिसला की जागीच थांबा. परत जाणारा दुसरा पट्टा नसेल तर ती वरच आहे. ती चालत असताना किंवा खड्डा खणत असताना जवळ गेलात, उजेड पाडलात, तर ती सगळं सोडून समुद्रात परत जाते. म्हणून किमान पंधरा मीटर लांब, तिच्या मागच्या बाजूला, खाली बसून राहायचं. आधी पुढच्या वल्ह्यांनी वाळूचे फवारे उडतात, अंगभर खड्डा होतो. मग वाळू उडणं थांबतं आणि मागच्या पायांचं काम सुरू होतं. हे एकदा तरी लक्ष देऊन बघा. एक पाय वाटीसारखा वळवून ती मूठभर वाळू उचलते, बाजूला अलगद ठेवते, लगेच दुसरा पाय पुढची वाळू झटकतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी, केवळ स्पर्शाने, ती सुरईच्या आकाराचा खोल खड्डा कोरते. वाळू कोरडी असली तर कडा ढासळतात आणि ती जागा सोडून दुसरीकडे पुन्हा सुरुवात करते. एकाच रात्री दोन-तीनदा असं झालेलं मी पाहिलंय. खड्डा जमला की अंडी पडू लागतात, शंभरच्या वर. तेव्हा ती विचलित होत नाही, आणि गाईड सोबत असेल तर मागून थोडं जवळ जाता येतं. डोळ्यांतून पाणी गळताना दिसेल. शरीरातलं जास्तीचं मीठ ती त्या वाटेने बाहेर टाकत असते, वेदनेचा त्याच्याशी संबंध नाही. आजी नातवंडांना सांगेलच, तेव्हा बरोबर सांगू दे.

तुमच्यापैकी कुणी कोकणातल्या वेळासला कासवं बघायला गेलं असेल तर इथला फरक लक्षात घ्या. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि गावकरी यांनी अंडी उचलून हॅचरीत (अंडी उबवायच्या राखीव जागेत) ठेवायची पद्धत बसवली, कारण तिथे घरट्यांना चोरी आणि कुत्र्या-कोल्ह्यांपासून धोका होता. हेरॉनवर तसे शत्रू नाहीत, म्हणून घरटी जागच्या जागी राहतात. इथे पिल्लं सोडण्याचा कार्यक्रम नसतो, आणि पिल्लू उचलून पाण्यात नेऊन सोडणं हा उपकार ठरत नाही. वाळूवरचा तो प्रवास त्याचा त्यानेच करायचा असतो. वर सीगल आणि पाण्यात शार्क टपलेले असतात, हे बघणं मुलांना जड जातं. पण तिथे मध्ये पडू नका. सर्वसाधारण अंदाज असा की हजारात एखादंच पिल्लू मोठं होतं.

संध्याकाळी खोलीचे पडदे ओढून घ्या, व्हरांड्यातला दिवा बंद करा. पिल्लं उजळ क्षितिजाकडे धावतात आणि खोलीच्या दिव्याला समुद्र समजून झुडपांत शिरतात. मोबाइलचा फ्लॅश तर अजिबात नको. हा एक नियम मोडणाऱ्यांवर मी खरोखर चिडते, कारण एका फोटोपायी दोन तासांची मेहनत सोडून परत जाणारी मादी मी पाहिली आहे.

याच बेटावर 1920 च्या दशकात कासवाच्या सुपाचे डबे भरायचा कारखाना होता. तो बंद पडल्यावर 1930 च्या दशकात रिसॉर्ट आलं, आणि त्या काळी पाहुण्यांची आवडती करमणूक म्हणजे कासवाच्या पाठीवर बसून सवारी! 1950 मध्ये क्वीन्सलँडच्या या भागात हिरवी कासवं आणि त्यांची अंडी घ्यायला बंदी आली. 1960 च्या दशकात रॉबर्ट बस्टर्ड या शास्त्रज्ञाने हेरॉनवर कासवांना खुणेचे बिल्ले लावून अभ्यास सुरू केला. हेच बस्टर्ड पुढे मगरींच्या प्रकल्पासाठी भारतात आले आणि ओडिशातल्या गहिरमाथ्याला ऑलिव्ह रिडले कासवांचे थवेच्या थवे अंडी घालतात, ही गोष्ट 1970 च्या दशकात त्यांच्यामुळे जगापुढे आली. बाबांना इतिहासाची आवड असेल तर त्यांना हे नक्की सांगा.

आणखी एक माहिती, जी मी प्रत्येक गटाला देते. वाळू किती तापलीय त्यावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं. वाळू जास्त गरम असली तर माद्या. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रीफच्या उत्तर टोकाच्या किनाऱ्यांवर जन्मलेल्या लहान कासवांत 99 टक्क्यांहून जास्त माद्या आढळल्या. हेरॉन ज्या दक्षिण भागात येतं तिथे हे प्रमाण 65 ते 69 टक्के होतं. म्हणजे तुम्ही जो किनारा बघणार आहात, तो अजून बऱ्या संख्येने नर देणाऱ्या किनाऱ्यांपैकी आहे.

आई-बाबांसाठी माझी पहिली पसंती रीफ वॉकला. पाणी घोट्यापर्यंत, गाईड पुढे, हातात काठी, आणि पाण्याखाली बघायला काचेच्या बुडाची नळी. गुडघे दुखत असतील तर पूर्ण फेरी मारायची गरज नाही. पहिल्या पन्नास मीटरमध्येच समुद्रकाकड्या, निळ्या-जांभळ्या ओठांचे मोठे शिंपले आणि तारामासे दिसतात. पाय नेहमी वाळूच्या चट्ट्यावर ठेवायचा, प्रवाळावर कधीच नाही. पाय उचलून टाकण्यापेक्षा घसटत चाला, म्हणजे वाळूत पडून असलेल्या पाकटाला चाहूल लागते आणि ते बाजूला होतं. जाड तळव्याचे, बंद बूट हवेत. रिसॉर्टमध्ये मिळतात.

मुलांनी काहीही उचलायचं नाही, हे निघण्याआधीच बजावून ठेवा. कोन शेल नावाचा नक्षीदार, सुंदर शंख असतो आणि त्यातला जीव विषारी काटा मारतो. काही जातींचा दंश जीवघेणा आहे. स्टोनफिश हा विषारी काट्यांचा मासा दगडासारखा पडून असतो. रिकामा शंख आणि प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा घरी न्यायचा नाही. सबंध परिसर संरक्षित आहे, आणि त्या रिकाम्या शंखात पुढे एखादा खेकडा राहायला येणार असतो.

शार्कचा प्रश्न आता मुद्दाम घेते. रीफ वॉकला तुम्हाला बहुधा इपॉलेट शार्क भेटेल. जेमतेम हातभर ते मीटरभर लांब, फिकट तपकिरी अंगावर ठिपके, आणि डोक्यामागे दोन्ही बाजूंना पांढऱ्या कडेचा मोठा काळा डाग. ओहोटीत डबक्यात अडकला तर हा मासा परांवर सरकत, चक्क चालत दुसऱ्या डबक्यात जातो. रात्री अशा साचलेल्या पाण्यातला प्राणवायू खूप कमी होतो, तरी तो तास न् तास तग धरतो. मेंदूला प्राणवायू कमी पडला तरी त्याचं काही बिघडत कसं नाही, याचा शास्त्रज्ञांनी बराच अभ्यास केला आहे. सात वर्षांच्या मुलाची शार्कची भीती घालवायला याच्यासारखा गुरू नाही.

बेटाच्या पूर्व टोकाला शार्क बे आहे. भरती चढताना तिथे काळ्या टोकांच्या परांचे ब्लॅकटिप शार्क, फावड्यासारख्या नाकाचे शॉव्हलनोज रे आणि पाकटं अगदी काठाशी येतात. गुडघाभर पाण्यात स्तब्ध उभे राहा, ती आपणहून जवळून जातील. ब्लॅकटिप बुजरा असतो, पाय आपटलात की पळतो. बंदराजवळ मोठे लेमन शार्कही दिसतात. आम्ही गाईड लोक या पाण्यात रोज असतो. माशांना खायला घालायचं नाही, मागे लागायचं नाही, काळोख पडताना पोहायचं नाही, एवढं पाळलं तर शार्कची काळजी करू नका.

काळजी करायचीच तर दोन गोष्टींची करा. पहिली गोष्ट ऊन. मकरवृत्त जवळजवळ या बेटावरूनच जातं, म्हणजे डिसेंबरअखेर भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि सावली पायाखाली जाते. पाण्यात थंड वाटतं आणि पाठ भाजून निघते. सनस्क्रीनवर विसंबू नका, पूर्ण बाह्यांचे लायक्रा सूट सगळ्यांसाठी घ्या. त्वचेलाही बरं आणि पाण्यातही कमी रसायन जातं.

दुसरी गोष्ट हृदय. क्वीन्सलँडमध्ये स्नॉर्कलिंग करताना झालेल्या मृत्यूंमागे बऱ्याचदा वय आणि हृदयविकार हे कारण निघतं. पाण्यात उतरणं, नळीतून श्वास घेणं, थोडी घाबरगुंडी, या सगळ्याचा हृदयावर ताण येतो आणि माणूस आवाज न करता गळून जातो. म्हणून इथल्या नियमांत साठीच्या पुढच्यांना जास्त जोखमीचे समजतात. आजारांची माहिती फॉर्मवर मागतात, तरंगण्याचं साधन आणि वेगळ्या रंगाची खूण देतात, जोडीदारासोबत राहायला सांगतात. बाबांना बीपीची गोळी असेल तर ती फॉर्मवर लिहा. "उगाच अडवतील" म्हणून लपवणारी मंडळी आपल्याकडे फार, आणि मला त्याचीच धास्ती वाटते. खरं सांगितलं तर बहुतेकदा अडवत नाहीत, लक्ष ठेवतात. तरीही पोहता न येणाऱ्याने सत्तरीत पहिल्यांदा स्नॉर्कल लावावं, असं मी म्हणणार नाही. त्यांच्यासाठी सेमी-सबमर्सिबल बोट आहे. पाण्याखालच्या काचेच्या डब्यात कोरड्या कपड्यांनी बसून प्रवाळ, मासे, कासवं दिसतात. याला मात्र पैसे घाला. भरतीच्या जवळची फेरी मागा आणि पहिल्याच दिवशी जागा धरा.

बाराव्या वर्षी पोहता येत असेल तर मोठ्या मुलाला बोटीने रीफच्या कडेवर स्नॉर्कलिंगला न्या. तिथला प्रवाळाचा उतार किनाऱ्याजवळच्या पट्ट्यापेक्षा फार वेगळा असतो. धाकट्याला बेटावरचं पाणी पुरे. 2024 च्या सुरुवातीच्या उष्णतेच्या लाटेत रीफचा हा दक्षिण भागही होरपळला. जवळच्याच वन ट्री बेटाच्या रीफवर शास्त्रज्ञांनी लक्ष ठेवलेल्या 462 प्रवाळ वसाहतींपैकी 80 टक्के एप्रिलपर्यंत पांढऱ्या पडल्या होत्या, आणि त्यातल्या कित्येक नंतर मेल्या. त्यामुळे शेवाळ धरलेले करडे चट्टे दिसतील, शेजारी नव्याने वाढणारं प्रवाळही दिसेल. हे मुलांपासून लपवू नका. गाईडला विचारा, तो चट्टा दाखवून समजावेल. बेटावर क्वीन्सलँड विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. त्याची फेरी चालू असेल तर मोठ्याला आणि बाबांना ती चुकवू देऊ नका.

पक्ष्यांची तयारी करून जा, कारण हेरॉनचा उन्हाळा, म्हणजे डिसेंबरचे हेच दिवस, पक्ष्यांचा असतो. पिसोनियाच्या झाडांवर हजारो काळे नॉडी पक्षी घरटी करतात. डोक्यावर टोपी हवीच, शीट पडणारच. पिसोनियाच्या बिया चिकट असतात. पंखांना इतक्या चिकटतात की काही पक्ष्यांना उडता येत नाही आणि ते मरतात. मुलं एखादा असा पक्षी बघून कळवळतील. हात लावू नका, बेटाची ही जुनी रीत आहे. रात्री शिअरवॉटर पक्षी जमिनीतल्या बिळांपाशी हंबरडा फोडल्यासारखे ओरडतात. बाळ रडतंय असं वाटून पहिल्या रात्री लोक दचकून उठतात. आईंना आधीच सांगा, कानात घालायचे बोळे न्या. आणि पायवाट सोडू नका, कारण पाय पडला की त्यांची बिळं खचतात. आकाशात पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड दिसला तर तो कोकणात दिसतो तोच पक्षी. वेळासच्या कासवांचा शोधही 2002 मध्ये याच गरुडाची पाहणी करताना लागला होता.

व्हेल आणि मँटा रे विचारलं आहे म्हणून सांगते. हंपबॅक व्हेल जून ते ऑक्टोबरमध्ये जातात-येतात आणि मँटाही तिथल्या थंडीत जास्त दिसतात. त्यांच्या नावाने आत्ता पैसे खर्चू नका.

जाताना ग्लॅडस्टनहून बोटीला दोन-अडीच तास लागतात आणि वारा असला तर बोट लागते. उलटीची गोळी चढण्याआधी घ्या, लाटा सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. मागच्या बाजूला बसा, क्षितिजाकडे बघा, मुलांना मोबाइल देऊ नका. शाकाहारी जेवणाचं बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा. बेटावर दुकान-हॉटेलांचे पर्याय नाहीत, तेव्हा बंद पाकिटातला खाऊ जवळ ठेवा आणि टेबलावर उघडा सोडू नका. पट्टेदार रेल पक्षी ताटातून उचलून नेतात.

तुमच्यापैकी कुणी स्कूबा (हवेची टाकी लावून खोल डुबकी) करणार असेल आणि परतीला हेलिकॉप्टर किंवा लगेच विमान असेल, तर शेवटचं डाइव्ह आणि उड्डाण यांच्यात किमान 18 तास ठेवा, 24 असले तर उत्तम. म्हणजे डाइव्ह दुसऱ्या दिवशी, आणि शेवटची सकाळ रीफ वॉक किंवा शार्क बेसाठी. त्यातलं नेमकं काय, ते तक्त्याचा तो फोटो बघून ठरवा.